ब्रिजिदा स्पिनोला दोरिया : कापल्या गेलेल्या एका तैलचित्राचं प्रकरण

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये चित्रकार पीटर पॉल रुबेन्सच्या हातचं एक मोठं व्यक्तिचित्र आहे. पांढऱ्याशुभ्र साटिनच्या झग्यातली एक तरुणी, गळ्याभोवती चाकाएवढा चुणीदार गळपट्टा, हातात पंखा, मागे दगडी खांब आणि वाऱ्यानं फुगलेला लाल पडदा. नाव ब्रिजिदा स्पिनोला दोरिया, पदवी मार्केझा, गाव जेनोव्हा, साल 1606. गुडघ्यांच्या जरा खाली चित्र संपतं. उंची 152.2 सें.मी., रुंदी 98.7 सें.मी.

बरोक, म्हणजे युरोपातल्या सतराव्या शतकाच्या शैलीतल्या, व्यक्तिचित्रांचा विषय निघाला की मी विद्यार्थ्यांसमोर पहिल्यांदा हेच चित्र ठेवते. बहुतेकांना ते पूर्ण वाटतं. चेहरा सुंदर आहे, कपडा डोळे दिपवणारा आहे, रचनेत कुठे काही राहून गेलंय असं पटकन जाणवत नाही. प्रत्यक्षात आपण पाहतो तो मूळ चित्राचा मधला तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी हा कॅनव्हास चारही बाजूंनी कापला. तिचे पाय, पायाखालची फरशी, बाजूची बाग, डोक्यावरच्या इमारतीचा भाग, सगळं गेलं. काय गेलं आणि ते गेल्यानं चित्राचा अर्थ कुठे सरकला, हे या टिपणात मांडायचं आहे.

कोण ही बाई, आणि कुठली

जेनोव्हा हे इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचं बंदर. तिथे राजा नव्हता. 1528 साली आंद्रेआ दोरियानं प्रजासत्ताकाची घडी नव्यानं बसवली, तेव्हापासून सत्ता खानदानी घराण्यांच्या हाती होती आणि राज्याचा प्रमुख, म्हणजे दोजे, दर दोन वर्षांनी निवडला जाई. पैसा मात्र राजांनाही पुरून उरेल इतका. स्पेनच्या राजाला कर्ज देणारे सावकार याच गावचे. स्पिनोला आणि दोरिया ही त्यातली सर्वांत वजनदार घराण्यांपैकी दोन. ब्रिजिदा जन्मानं स्पिनोला. 1605 साली तिचं लग्न जाकोमो मास्सिमिलियानो दोरियाशी झालं आणि दुसऱ्याच वर्षी हे चित्र काढलं गेलं. चित्रावरच्या नोंदीनुसार तेव्हा तिचं वय 22 होतं.

रुबेन्सही तेव्हा तरुणच होता. जन्म 1577 चा, म्हणजे तिशीही गाठली नव्हती. 1600 मध्ये तो आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पहून इटलीला आला आणि मांतोव्हाच्या ड्यूककडे, व्हिन्चेन्झो गोन्झागाकडे, दरबारी चित्रकार म्हणून राहिला. जेनोव्हाचे सावकार आणि मांतोव्हाचा दरबार यांचं येणंजाणं होतं, आणि त्याच वाटेनं रुबेन्स या घरांत पोचला. दोन-तीन वर्षांत त्यानं तिथल्या स्त्रियांची जी पूर्णाकृती चित्रं काढली, त्यांनी युरोपातल्या उच्चभ्रू व्यक्तिचित्राचा साचाच बदलला. तोवर अशा चित्रांत बाई एका बंद, अंधाऱ्या खोलीत ताठ उभी असे. एखादी खुर्ची, एखादं टेबल, मागे सपाट गडद भिंत. स्पॅनिश दरबाराची ती शिस्त. रुबेन्सनं तिला उंबऱ्याबाहेर आणलं. खांब आले, गच्ची आली, वारा आला.

पुरावे

एखादा जुना कॅनव्हास कापला गेलाय का, हे ओळखण्याची जतनतज्ज्ञांची एक साधी रीत आहे. कापड लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ताणलं की प्रत्येक खिळ्याजवळ धागे ओढले जातात आणि काठाला झालरीसारख्या लहान लहान कमानी पडतात. त्यावर रंगाआधीचा अस्तराचा (प्रायमरचा) थर चढला की त्या कमानी कायमच्या गोठतात. त्या काठाला दिसल्या तर तो काठ मूळचा. दिसल्या नाहीत तर संशय घ्यायचा.

ब्रिजिदाच्या बाबतीत संशयावर थांबावं लागत नाही, कारण साक्षीदार आहेत. पहिला आणि सर्वांत भक्कम म्हणजे 1848 सालची एक शिळाछाप. पिएर-फ्रेदेरिक लेनेर या फ्रेंच मुद्रकानं कापाकापीच्या आधी या चित्रावरून ती तयार केली. शिळाछापेचं तंत्र आपल्याकडे घरोघरी पोचलं ते रविवर्मांच्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांमुळे. लेनेरच्या शिळेवर मात्र रंग नाहीत, फक्त रचना आहे, आणि या प्रकरणात रचनाच हवी होती. त्यात ब्रिजिदा डोक्यापासून पायापर्यंत दिसते. ती महालाच्या गच्चीवर आहे आणि बाजूला बाग मोकळी होत जाते.

दुसरा साक्षीदार न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. या चित्राशी जोडलं जाणारं रुबेन्सचं एक रेखाटन, लेखणी आणि तपकिरी शाईतलं. पूर्णाकृती स्त्री, भोवती वास्तू, आणि कुठे कोणता रंग यायचा याच्या चित्रकारानं स्वतःच्या भाषेत केलेल्या नोंदी. मला हा कागद फार प्रिय आहे. त्यात रुबेन्सचं सगळं लक्ष कपड्याच्या पडण्याकडे आणि वास्तूकडे आहे. व्यक्तिचित्राची तयारी करणारा माणूस आधी चेहरा पक्का करील असं आपण धरून चालतो. हा आधी जागा पक्की करतो. पण साक्षीदार म्हणून रेखाटनाला मर्यादा असतात. चित्रकाराच्या मनात काय होतं ते त्यातून कळतं, कॅनव्हासवर शेवटी काय उतरलं ते कळेलच असं नाही. म्हणून मूळ चित्रात काय होतं हे ठरवताना मी शिळाछापेला जास्त वजन देते आणि रुबेन्सचा विचार समजून घ्यायला रेखाटनाकडे वळते.

तिसरी साक्ष भावंडांची. रुबेन्सनं त्याच काळात काढलेली मारिया सेर्रा पाल्लाविचिनो आणि मारिया ग्रिमाल्दी या जेनोव्हातल्याच दोघींची पूर्णाकृती चित्रं इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या किंग्स्टन लेसी या वाड्यात आहेत. एकोणिसाव्या शतकात विल्यम बँक्स या संग्राहकानं ती तिथे नेली. ब्रिजिदाचं चित्रही मूळचं याच जातकुळीतलं होतं, हे ती दोन चित्रं पाहिली की लगेच पटतं.

मापांवरून एक अंदाज करता येतो. या पूर्णाकृती चित्रांची उंची साधारण 240 सें.मी. आणि रुंदी 140 सें.मी.च्या आसपास असते. ब्रिजिदाचं चित्रही त्याच मापाचं होतं असं धरलं, तर मूळ क्षेत्रफळ साधारण 3.36 चौरस मीटर येतं. आज उरलंय 1.50. निम्म्याहून जास्त कापड गेलं.

कापाकापीचे असे प्रकार जुन्या चित्रांच्या बाबतीत नवलाचे नाहीत. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' 1715 साली ॲमस्टरडॅमच्या नगरभवनातल्या भिंतीवर बसेना म्हणून कापलं गेलं. तिथेही गेलेला भाग कळला तो खेरित लुंडेन्स यानं आधी करून ठेवलेल्या छोट्या नकलेवरून, आणि 2021 साली त्याच नकलेच्या आधारानं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं गेलेले पट्टे छापून तात्पुरते जोडून दाखवले. अडीच मीटर उंचीचं चित्र उंच छताच्या दिवाणखान्यासाठी काढलेलं असतं. ते वाडा सोडून बाहेर पडलं की अडचणीचं होतं. चेहरा आणि दागिने ठेवून बाकीचं काढून टाकायचा मोह होणारी माणसं प्रत्येक काळात होती.

आधी जे उरलंय ते

चित्राच्या अगदी जवळ गेलं की तो पांढरा झगा पांढरा राहत नाही. राखाडी आहे, फिकट पिवळा आहे, घडीच्या पोटात तपकिरी आहे, आणि निव्वळ पांढरा फक्त घडीच्या कण्यावर, जाड, एका दमात ओढलेला. साटिनचं कापड आरशासारखं वागतं. आजूबाजूचं जे असेल ते पोटात घेऊन परत फेकतं. रुबेन्सनं सावल्या पातळ ठेवल्या, म्हणजे खालचा थर त्यांतून श्वास घेतो, आणि उजेड जाड ठेवला, म्हणजे तो खऱ्या उजेडात खरोखरच चमकतो. दोन पावलं मागे सरकलात की हे सगळं पुन्हा मिटून कापड होतं. शिकवताना ही दोन पावलं मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा चालायला लावते. गळपट्ट्याचंही तसंच. इतक्या थरांची ती चुणी खळ घालून ताठ केलेली, चेहऱ्याभोवती उजेडाची थाळी धरल्यासारखी. गालांवरची लाली, ओठांच्या कोपऱ्यातलं न फुटलेलं हसू, दोन्ही त्या थाळीतल्या परतलेल्या उजेडात उजळतात.

हा भाग वाचला याबद्दल आपण नशीबवान आहोत हे मी मोकळेपणानं म्हणते. कापणाऱ्याला चेहरा आणि झगा यांचं मोल कळत होतं. बाकीच्याचं कळलं नाही.

आता जे गेलं ते

पहिली गोष्ट उंची. या चित्रात खांबांच्या रेषा नीट पाहा. आपण तिच्याकडे खालून पाहतोय. रुबेन्सनं क्षितिज फार खाली ठेवलं आहे. पूर्ण चित्रात त्याचं कारण उघड होतं: पाहणारा बागेच्या किंवा पायऱ्यांच्या पातळीवर, ती गच्चीवर. पाय आणि फरशी गेल्यावर खालून पाहण्याचा कोन उरला, पण त्याला आधार देणारी जमीन राहिली नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एकदा वर्गाच्या भिंतीवर करून पाहिलं. 240 बाय 140 सें.मी.चा खाकी कागद चिकटवला आणि त्यावर आजच्या चित्राची मूळ मापातली छपाई बसवली. माणसाच्या गुडघ्याखालची लांबी आणि थोडी फरशी धरून तिची खालची कड कागदाच्या तळापासून 65 सें.मी. वर घेतली. कागदाचा तळ जमिनीपासून 60 सें.मी.वर, कारण दिवाणखान्यात अशी चित्रं जमिनीला टेकवून लावत नसत. चेहरा जमिनीपासून जवळजवळ 240 सें.मी.वर गेला. संग्रहालयाच्या नेहमीच्या बेतानं हीच छपाई लावली होती तेव्हा तो 190 च्या जवळपास येत होता. आमच्या डोळ्यांच्या रेषेत आता तिचा झगा होता. वर्गातली सर्वांत उंच मुलगीसुद्धा मान वर करून उभी होती.

त्या अर्ध्या मीटरनं सगळं बदलतं. खाली असताना तिचं ते अर्धं हसू आपल्याशी ओळख दाखवणारं वाटतं. वर गेल्यावर तेच हसू मुजरा स्वीकारल्यासारखं दिसायला लागलं. चेहऱ्यावरचा एक ठिपकाही बदलला नव्हता.

दुसरी गोष्ट चालणं. पूर्ण चित्रातली ब्रिजिदा महालातून बाहेर आलेली बाई आहे. अंगाचा कल एकीकडे, नजर आपल्याकडे, पडदा फुगलेला. या खुणा आजच्या तुकड्यातही आहेत, पण पावलं दिसत नसल्यानं आपण त्या वाचत नाही आणि तिला फोटोसाठी उभी राहिलेली समजतो. ही कल्पना मूळ स्वरूपात कशी काम करत असेल ते पाहायचं तर त्याच संग्रहालयातलं आणखी एक चित्र पाहावं. रुबेन्सनंतर त्याच अँटवर्पचा अँथनी व्हॅन डाइक 1621 मध्ये जेनोव्हाला आला आणि 1623 मध्ये त्यानं एलेना ग्रिमाल्दी कात्तानेओ हिचं चित्र काढलं, जवळजवळ अडीच मीटर उंच. काळ्या वेशातली एलेना महालाच्या खांबांमधून गच्चीवर येते आहे, मागून एक आफ्रिकी सेवक तिच्या डोक्यावर लाल छत्री धरून चालतो आहे. ती तांबडी छत्री तिच्या चेहऱ्यामागे प्रभावळीसारखी उघडते. डोक्यावर छत्र धरलं जाणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या सेवकाचं नाव मात्र चित्राच्या शीर्षकात आलं नाही, आणि एलेनाच्या नावाइतकंच लक्ष त्यालाही द्यावं असं मला वाटतं, कारण त्याच्या उचललेल्या हाताशिवाय तिची ती उंची उभीच राहत नाही. व्हॅन डाइकनं रुबेन्सच्या चित्रांचा मनापासून अभ्यास केला होता. एलेनाकडे पाहून ब्रिजिदाचं हरवलेलं पाऊल आपण मनातल्या मनात टाकू शकतो.

तिसरी गोष्ट इमारत, आणि माझ्या मते खरं नुकसान इथेच आहे.

जेनोव्हात सोळाव्या शतकाच्या मध्याला स्त्रादा नुओवा म्हणून एक नवा रस्ता आखला गेला. आज तो व्हिया गारिबाल्दी म्हणून ओळखला जातो. दुतर्फा एकाहून एक भव्य महाल आणि मधला रस्ता अरुंद. समोरून नीट पाहता येईल इतकं मागे सरकायला जागाच नाही. महाल पाहायचा तो खालून, तिरका, मान वर करून. 1576 पासून तिथे एक पद्धत सुरू झाली: राज्याच्या पाहुण्यांना उतरवून घेण्यालायक महालांच्या याद्या केल्या गेल्या आणि पाहुणा आला की त्यातल्या कोणाकडे उतरवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं जाई. या याद्यांना 'रोल्ली' म्हणत, आणि 2006 साली हे महाल त्याच नावानं जागतिक वारशाच्या यादीत गेले. राजवाडा नसलेल्या राज्यात खाजगी घरंच राजवाड्याचं काम करत होती.

रुबेन्सला हे इतकं भावलं की 1622 मध्ये त्यानं अँटवर्पला या महालांचे नकाशे आणि दर्शनी भाग यांचा एक ग्रंथच छापला. राजेरजवाड्यांच्या वास्तूंपेक्षा गृहस्थांनी बांधलेली ही घरं त्याला आपल्या गावच्या लोकांना दाखवायची होती. सोळा वर्षांनी इमारतींचं पुस्तक काढणारा हा माणूस 1606 मध्ये चित्रातले खांब निव्वळ शोभेसाठी घालेल असं मला वाटत नाही. ब्रिजिदामागची वास्तू तिच्या ओळखीचा भाग आहे. प्रजासत्ताकात मुकुट घालता येत नाही. घर दाखवता येतं. आणि ते त्या अरुंद रस्त्यावरून दिसतं तसंच दाखवलंय, खालून आणि तिरकं. जेनोव्हाच्या रस्त्यात मान वर करून चालणाऱ्या माणसाची नजर रुबेन्सनं चित्रात आणली. कात्रीनं वरचा आणि बाजूचा भाग काढला तेव्हा ही नजरच गेली आणि सुंदर कपड्यातली एक सुंदर मुलगी उरली.

घरातलं एक उदाहरण

आमच्याकडे माईआजीचा, म्हणजे माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचा, एक फोटो आहे. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. नऊवारी, नथ, एक हात तिपाईवर. मागे रंगवलेला पडदा: दोन जाड खांब, गोंडे लावलेला पडद्याचा झोळ, लांबवर झाडं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असा फोटो असेल. ते खांब आणि तो झोळ कुठून आले? युरोपातल्या या पूर्णाकृती व्यक्तिचित्रांतून ते इंग्रजांच्या चित्रांत गेले, तिथून संस्थानिकांच्या तैलचित्रांत आणि स्टुडिओंच्या पडद्यांवर. ब्रिजिदा आणि माईआजी या दोघींच्या मागे उभे असलेले खांब एकाच कुळातले आहेत.

काही वर्षांपूर्वी काच फुटली म्हणून तो फोटो गावातल्या एका फ्रेमवाल्याकडे दिला. परत आला तेव्हा तयार फ्रेमच्या मापात बसवायला खालून आणि बाजूंनी छाटलेला होता. चेहरा नीट होता, फ्रेम चकचकीत होती, घरात बहुतेकांना ती आवडलीही. माझ्या आईनं एकदा पाहिलं आणि विचारलं, "तिच्या पायातल्या जोडव्या कुठंयत?" लग्नानंतर काढलेल्या त्या फोटोत माईनं पदर जरासा आवरून पाय पुढे ठेवला होता, तो जोडव्या दिसाव्यात म्हणून. ते आईला ठाऊक होतं, मला नव्हतं. छाटलेल्या पट्ट्या दुकानात मिळाल्या नाहीत.

पुढचं

ब्रिजिदाचा पहिला नवरा लवकर वारला. तिनं दुसरं लग्न केलं ते जान व्हिन्चेन्झो इम्पेरियाले याच्याशी. तो कवी होता आणि चित्रांचा मोठा संग्राहकही. चित्र कालांतरानं अमेरिकेतल्या सॅम्युएल क्रेस यांच्या संग्रहात आलं आणि 1961 साली त्या संग्रहाबरोबर वॉशिंग्टनच्या गॅलरीत दाखल झालं.

तिथे जाणार असाल तर माझी एक विनंती आहे. आधी व्हॅन डाइकची एलेना पाहा, तिच्यासमोर जरा वेळ उभे राहा, आणि मग ब्रिजिदाकडे या. जवळ जाऊन साटिन पाहून झालं की पाच-सहा पावलं मागे सरका आणि गुडघ्यात थोडे वाका, म्हणजे तुमचे डोळे चित्राच्या खालच्या कडेच्या जवळ येतील. लोक बघतील, बघू द्या. त्या उंचीवरून खांबांच्या रेषा जुळायला लागतात आणि मागचा पडदा हलतोय असं वाटतं. माझ्या विद्यार्थिनीनं खाकी कागदाच्या मोकळ्या भागात खडूनं अंदाजानं एक पाऊल काढलं होतं, झग्याच्या कडेखालून जेमतेम डोकावणारं. आम्ही तो कागद अजून काढलेला नाही.